गाडीचा भाव ठरवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नवी चारचाकी शोरूममधून घेताना भाव कसा ठरवावा, या एकाच विषयावर गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली असून नावे गाळली आहेत. उत्तरे देणाऱ्याने आयुष्यातील काही वर्षे एका शोरूमच्या हिशेब खात्यात काढली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी टेबलाच्या पलीकडची बाजूही आलेली दिसेल.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पेट्रोलवर चालणारी एक छोटी गाडी आम्ही पसंत केली आहे. शोरूमने दिलेल्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत 8,40,000, आरटीओ 99,500, विमा 54,800, हँडलिंग चार्जेस 8,500, अॅक्सेसरीज 18,900, वाढीव वॉरंटी 15,300, पेंट कोटिंग 9,000 आणि फास्टॅग 500 रुपये असे धरून एकूण 10,46,500 रुपये होतात, आणि त्यातून 30,000 रुपये सवलत वजा केली आहे. माझ्या मेहुण्यांना पुण्यात याच गाडीवर 45,000 रुपये सवलत मिळाली. आमच्या शोरूमचे व्यवस्थापक मात्र यापुढे एक रुपयाही कमी करायला तयार नाहीत. काय करावे?

उत्तर : आपण कोटेशनमधील प्रत्येक ओळ उतरवून पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या ओळींतच आहे. व्यवस्थापक कदाचित खरेच बोलत असतील. एक्स-शोरूम किमतीतून किती रक्कम सोडायची हे पुष्कळसे कंपनीच्या त्या महिन्याच्या योजनेवर ठरते, आणि विक्रेत्याचा गाडीवरील नफा टक्केवारीत फार मोठा नसतो. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि पुढची सर्व्हिसिंग यांतून होते. म्हणून 30,000 चे 45,000 करून घेण्यासाठी झगडण्यापेक्षा खालच्या ओळींकडे वळावे, असे मी सुचवीन. मेहुण्यांच्या 45,000 रुपयांचा हिशेबही त्यांच्या कोटेशनमधील बाकीच्या ओळी पाहिल्याशिवाय कळणार नाही. एका हाताने पंचेचाळीस देऊन दुसऱ्या हाताने चाळीस काढून घेतल्याची कोटेशने मी स्वतः टाइप केलेली आहेत.

पहिली ओळ हँडलिंग चार्जेसची. कारखान्यातून शोरूमपर्यंत आणि गोदामातून दारापर्यंत गाडी आणण्याचा खर्च म्हणून ही रक्कम लावली जाते, पण ती सरकारी आकारणी नव्हे. गाडी विकण्यायोग्य स्थितीत समोर उभी करणे हे विक्रेत्याचेच काम आहे. ही ओळ काढून टाकण्याची मागणी स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो लेखी करावी. बहुतेक वेळा ती काढली जाते. निदान तेवढ्या रकमेची सवलत तरी वाढवून मिळते. पेंट कोटिंगची नव्या गाडीला तातडीने मुळीच गरज नसते, आणि पुढे कधी करावेसे वाटले तर बाहेर अनेक ठिकाणी करून मिळते. या दोन ओळींतच 17,500 रुपये आहेत.

अॅक्सेसरीजच्या 18,900 रुपयांची सविस्तर यादी मागावी. पायपुसण्या, चिखलरोधक पट्ट्या, सीटची आवरणे, दाराच्या कडेच्या पट्ट्या आणि ‘इसेन्शियल किट’ नावाची एक पिशवी, असा मजकूर बहुधा त्यात निघेल. यांतील ज्या वस्तू खरोखर हव्या आहेत त्या साताऱ्याच्या बाजारात पाच हजारांच्या आसपास मिळत असतील, तर शोरूमकडे तेवढ्याच मागाव्यात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. विजेच्या वायरी कापून बसवाव्या लागणाऱ्या वस्तू, म्हणजे जादा दिवे किंवा स्क्रीन, बाहेरून बसवल्यास वॉरंटीच्या वेळी वाद होऊ शकतो. त्या घ्यायच्याच असतील तर शोरूममधूनच घ्याव्यात.

विम्याच्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. विमा कंपनी निवडण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या चारचाकीला तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्या भागाचा दर सरकारने ठरवलेला असल्याने तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच असतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि जादा संरक्षणांत. म्हणून दुसऱ्या दोन कंपन्यांकडून दर मागवताना गाडीचे विमामूल्य (गाडी पूर्ण गेल्यास मिळणारी रक्कम), घसारा, म्हणजे वापराने भागांची घटलेली किंमत, न धरण्याची जोड, इंजिनाचे संरक्षण आणि रस्त्यावरील मदत या गोष्टी शोरूमच्या कोटेशनप्रमाणेच ठेवाव्यात. नाहीतर स्वस्त दिसणारा विमा प्रत्यक्षात कमी संरक्षणाचा निघतो. समजा बाहेर तोच विमा 42,000 रुपयांत मिळाला, तर तो कागद घेऊन शोरूममध्ये जावे आणि तेवढ्यात देणार का, एवढेच विचारावे. विमा तिथूनच घेतल्यास अपघातानंतर त्याच कार्यशाळेत रोख न भरता काम होते ही सोय खरी आहे. मात्र कार्यशाळेचा करार अनेक विमा कंपन्यांशी असतो, त्यामुळे आपल्या निवडीची कंपनी त्या यादीत आहे का, हे विचारून घ्यावे.

आता आरटीओ. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर 11 टक्के आहे, म्हणजे आपल्या गाडीला 92,400 रुपये. उरतात 7,100. केंद्रीय नियमांनुसार खासगी चारचाकीचे नोंदणी शुल्क 600, स्मार्ट कार्डाचे 200 आणि कर्ज असल्यास त्याचा बोजा नोंदवण्याचे 1,500 रुपये आहे. राज्याचे किरकोळ उपकर आणि टपालखर्च धरला तरी काही हजार रुपयांचा हिशेब लागत नाही. इथे भांडू नये. ‘आरटीओची रक्कम पावतीप्रमाणे घ्यावी’ एवढे एक वाक्य कोटेशनवर लिहून घ्यावे. सरकारी पावती ऑनलाइन निघते, ती मागितल्यावर द्यावीच लागते.

वाढीव वॉरंटी मी वाईट म्हणणार नाही, पण ती आजच घेतली पाहिजे असेही नाही. मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी ती घेता येते, फक्त उशीर केल्यास काही कंपन्या दर वाढवतात. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच आहे, शोरूमने बाहेरून आणलेली नाही, एवढे पाहावे.

या साऱ्याची बेरीज करू. हँडलिंग आणि कोटिंगचे 17,500, अॅक्सेसरीजमधील सुमारे 13,900 आणि विम्यातील 12,800 मिळून 44,200 रुपये होतात, आणि हे सवलतीच्या 30,000 रुपयांना हात न लावता. शिवाय आपण शिक्षिका आहात. शासकीय व निमशासकीय कर्मचारी आणि शिक्षक यांच्यासाठी अनेक कंपन्यांची वेगळी सवलत असते, जी मागितल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही. शाळेचे ओळखपत्र आणि पगारपत्रक घेऊन जावे.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ आहे. आमच्या घरात घासाघीस करणे कमीपणाचे मानले जाते. शोरूममध्ये गेल्यावर पाणी, चहा, गोड बोलणे सुरू झाले की मला काही मागताच येत नाही. नेमके काय बोलावे?

उत्तर : आपल्या पत्राने मला जुन्या दिवसांची आठवण करून दिली. मासळीबाजारात सुरमईच्या भावावरून पाच मिनिटे हुज्जत घालणारी माणसे दहा लाखांच्या गाडीपुढे मान डोलावत बसलेली मी रोज पाहत असे. आत गार हवा, काचेचे टेबल आणि नम्र मुलगा असला की भाव करणे असभ्य वाटू लागते. शोरूमची मांडणी तशीच केलेली असते.

आपला संकोच खरे तर आपल्याला उपयोगी पडेल, कारण चांगला सौदा करण्यासाठी आवाज चढवण्याची गरज नसते. सर्वप्रथम, पहिल्या भेटीत काहीही ठरवायचे नाही असे घरूनच ठरवून जावे. गाडी पाहावी, चालवून पाहावी, सविस्तर कोटेशन छापील स्वरूपात घ्यावे आणि नमस्कार करून निघावे. त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूममध्ये, जवळ नसेल तर चिपळूण किंवा कोल्हापूरच्या शोरूमला फोन करून, हेच करावे. प्रतिस्पर्धी कंपनीच्या तशाच गाडीचेही एक कोटेशन जवळ ठेवावे.

दुसऱ्या भेटीत तीन वाक्ये पुरतात. ‘मला ऑन-रोड, म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळे धरून, शेवटचा आकडा सांगा, सवलत किती हे नंतर पाहू.’ ‘या ओळी मला नको आहेत, त्या वगळून नवे कोटेशन द्या.’ आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘हा आकडा जमत असेल तर मी आज बुकिंगचा चेक देतो.’ तिसरे वाक्य बोलल्यावर गप्प बसावे. समोरचा मुलगा ‘मॅनेजरना विचारून येतो’ असे म्हणून आत जाईल, पाच-दहा मिनिटे लागतील, कदाचित दुसरा चहा येईल. त्या वेळात आपणच आपला आकडा वाढवून सांगण्याचा मोह होतो, तो टाळावा. विक्री प्रतिनिधीच्या हातात फार थोडी रक्कम सोडण्याचा अधिकार असतो. त्यापुढचा निर्णय टीम लीडर किंवा सेल्स मॅनेजर घेतो, आणि आज पक्के गिऱ्हाईक बसले आहे हे कळल्याशिवाय तो घेत नाही.

दोन गोष्टी मात्र सांगू नयेत. महिन्याला किती हप्ता झेपेल हे सांगितले की बोलणे गाडीच्या किमतीवरून हप्त्यावर सरकते, आणि हप्ता कर्जाची मुदत वाढवून कितीही लहान दाखवता येतो. दुसरे म्हणजे, सूनबाईंना लाल रंगच हवा आहे आणि तो मुहूर्तावरच हवा आहे, हे. नसलेले कोटेशन असल्याचे सांगणेही टाळावे, ते लगेच ओळखू येते. असलेला कागद टेबलावर ठेवावा.

ज्या गाडीसाठी महिनोन्महिने थांबावे लागते तिच्यावर सवलत मिळत नाही, आणि तिथे एक्स-शोरूम किमतीवर घासाघीस करून वेळ दवडू नये. अशा वेळी फक्त सक्तीच्या अॅक्सेसरीज आणि विमा यांनाच नकार द्यावा.

प्रश्न : आमची नाशिकजवळ द्राक्षबाग आहे. हंगामाचे पैसे हातात येतात ते मार्च-एप्रिलमध्ये, पण वडिलांची इच्छा गाडी दसऱ्याला घ्यावी अशी आहे. मित्र म्हणतात डिसेंबरमध्ये सर्वांत स्वस्त मिळते. खरे काय?

उत्तर : तिघांचेही थोडे थोडे खरे आहे. विक्रेता गाड्या बहुधा बँकेच्या कर्जावर उचलून ठेवतो, त्यामुळे गोदामात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर रोज व्याज चढत असते. त्यातच कंपनीचे महिन्याचे, तिमाहीचे आणि वर्षाचे टार्गेट असते, आणि ते पुरे झाले तर मिळणारी रक्कम एका गाडीच्या नफ्यापेक्षा बरीच मोठी असते. म्हणून महिन्याचा शेवटचा आठवडा, त्यातही मार्च, सप्टेंबर आणि डिसेंबरचा, भाव करायला चांगला.

दसऱ्याच्या दिवशी मात्र शोरूममध्ये उभे राहायला जागा नसते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशीला माणसे भाव विचारायला नव्हे, गाडीला हार घालायला येतात, आणि त्या आठवड्यात सवलत मागणाऱ्याला उभे करून घेतले जात नाही. आपल्या वडिलांची इच्छा आणि आपला खिसा या दोन्हींची सोय पितृपक्षात होऊ शकते. त्या पंधरवड्यात आपल्याकडे नवी खरेदी टाळली जाते, शोरूम ओस पडलेले असते आणि महिनाअखेर जवळ असते. त्या दिवसांत भाव ठरवून, कोटेशनवर ‘डिलिव्हरी दसऱ्याला, हाच दर कायम’ असे लिहून सही-शिक्का घ्यावा. पक्षात बुकिंगचे पैसे देणेही घरात खटकत असेल, तर भाव लेखी ठरवून पैसे घटस्थापनेला द्यावेत. विक्रेते याला बहुधा तयार होतात, त्यांनाही ही अडचण दरवर्षीची असते.

दर आधीच कायम करून घेण्याच्या या सल्ल्याला एक अपवाद 2025 मध्ये घडून गेला. 22 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, वाहनांवरील जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर पूर्वी 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का उपकर होता, तो 18 टक्के झाला. मोठ्या गाड्यांना उपकर काढून 40 टक्क्यांचा एकच दर आला. ती घोषणा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच झाल्याने त्या वर्षी पितृपक्षात गाडी नोंदवून बिल मात्र घटस्थापनेला करून घेणारे फायद्यात राहिले. बिल कोणत्या तारखेचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

डिसेंबरचे म्हणाल, तर त्या स्वस्ताईला एक किंमत आहे. नोंदणीच्या पुस्तकात गाडी कोणत्या महिन्यात आणि वर्षी बनली हे छापलेले असते, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच पाहते. डिसेंबरअखेर घेतलेली गाडी चारच दिवसांत ‘गेल्या वर्षीची’ होते. आपण गाडी आठ-दहा वर्षे वापरणार असाल तर याने फारसे बिघडत नाही आणि सवलत खुशाल घ्यावी. तीन-चार वर्षांत बदलण्याची सवय असेल तर सवलतीचा मोठा भाग पुनर्विक्रीत परत द्यावा लागेल. जानेवारीत ‘जुन्या वर्षाचा स्टॉक’ घेणार असाल तर मात्र डिसेंबरपेक्षाही जास्त सवलत मागावी.

कोणत्याही महिन्यात घेतली तरी आपल्याला मिळणारी नेमकी गाडी नोंदणीपूर्वी गोदामात जाऊन पाहावी. चासीचा 17 अंकी-अक्षरी क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळवावा, बनल्याचा महिना विचारून तपासावा, मीटरवरील किलोमीटर, टायरवरील तारखा आणि रंगाची छटा दिवसाच्या उजेडात बघावी. एकदा गाडी आपल्या नावावर नोंदली गेली की बदलून मागणे फार अवघड होते.

प्रश्न : लातूरहून लिहितो. माझ्या नऊ वर्षांच्या जुन्या गाडीला शोरूमवाले 1,60,000 रुपये आणि वर 25,000 एक्स्चेंज बोनस देतात. ओळखीचा एक गृहस्थ 2,05,000 द्यायला तयार आहे. शोरूममध्ये देणे सोयीचे, पण वीस हजार सोडावेसे वाटत नाहीत.

उत्तर : आधी एक चौकशी करावी. जुनी गाडी बाहेर विकून नव्या मालकाच्या नावे झालेले पुस्तक दाखवले तरी काही कंपन्या एक्स्चेंज बोनस देतात, आणि हे शोरूममधून आपणहून सांगितले जात नाही. तसे असेल तर 2,05,000 अधिक 25,000 अशी बेरीज होते आणि प्रश्नच मिटतो. बोनससाठी जुनी आणि नवी गाडी एकाच व्यक्तीच्या किंवा निकटच्या कुटुंबीयाच्या नावावर असावी लागते, हेही पाहून ठेवावे.

दुसरी सूचना अशी, की नव्या गाडीचा भाव पूर्ण ठरल्याशिवाय जुन्या गाडीचा विषयच काढू नये. दोन्ही सौदे एकत्र सुरू झाले की एकीकडे वाढवलेले दुसरीकडे कापले जाते, आणि शेवटी कुठे किती गेले हे हिशेब खात्यातल्या माणसालाही पटकन सांगता येत नाही.

वीस हजारांच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेल्या निकालानुसार, गाडी कितीही हात बदलली तरी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. ओळखीच्या गृहस्थाला गाडी देताना मालकी हस्तांतराचे फॉर्म 29 आणि 30 भरून, ताब्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेला कागद दोघांच्या सहीने करून घ्यावा आणि नाव हस्तांतरित होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देण्याची आपल्याकडची सवय फार धोक्याची आहे. शोरूमला देतानाही हीच काळजी घ्यावी, कारण तिथून गाडी दलालाकडे जाते. एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याने गाडी ताब्यात घेतल्याची सूचना परिवहन पोर्टलवर द्यायची असते. आपले शोरूम तसे करते का, ते विचारावे.

आणि एक गोष्ट लोक विसरतातच. जुन्या गाडीवर दावा न केल्याबद्दल साठलेला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, आपला असतो. तो जास्तीत जास्त 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यातून वजा होतो. तो हप्ता 24,000 असेल आणि आपला बोनस 50 टक्के असेल तर 12,000 रुपये तिथेच वाचतात. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते.

प्रश्न : ठाण्यात आयटी कंपनीत नोकरी करतो. पाच वर्षांसाठी सहा लाखांचे कर्ज हवे आहे. बँकेचा दर साडेनऊ टक्के आहे, शोरूममधील फायनान्सवाले फक्त सहा टक्के सांगतात आणि कर्ज त्यांच्याकडून घेतले तर 10,000 रुपये जादा सवलतही देतात. यात गोम कुठे आहे?

उत्तर : ‘सहा टक्के’ या शब्दांच्या आधी ‘फ्लॅट’ हा शब्द होता का, ते आठवून पाहा. फ्लॅट दराने पाचही वर्षे व्याज मूळच्या सहा लाखांवर धरले जाते, जरी आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी. म्हणजे वर्षाला 36,000 याप्रमाणे 1,80,000 व्याज, एकूण 7,80,000, आणि 60 हप्ते प्रत्येकी 13,000 रुपयांचे. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने हाच हप्ता पावणेअकरा टक्क्यांच्या थोडा वरचा दर ठरतो. बँकेच्या साडेनऊ टक्क्यांनी हप्ता सुमारे 12,600 रुपयांचा येतो. महिन्याला चारशे रुपयांचा हा फरक साठ महिन्यांत 24,000 होतो, आणि त्यातून 10,000 ची जादा सवलत वजा केली तरी आपण चौदा हजारांनी मागेच राहता.

तोंडी दरावर मुळीच विसंबू नये. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जांसाठी मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे, आणि त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे सर्व धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन्हीकडची तथ्यपत्रके शेजारी ठेवून तोच एक आकडा ताडून पाहावा. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास किती दंड लागतो, ही ओळही वाचावी. दंड नाममात्र असेल तर शोरूमचे कर्ज घेऊन, जादा सवलत पदरात पाडून, काही महिन्यांनी ते फेडून टाकणारे हुशार गिऱ्हाईकही मी पाहिले आहेत. पण स्थिर दराच्या कर्जावर हा दंड बहुधा नाममात्र नसतो.

आपली गाडी दहा लाखांच्या वर जाणार असेल तर बिलात 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल केलेला आयकर, दिसेल. ती रक्कम बुडत नाही. आयकर विवरणपत्रात ती आपल्या नावे जमा दिसते आणि करातून वजा होते किंवा परत मिळते. सवलतीच्या बोलण्यात विक्रेत्याने ‘टीसीएस आम्ही भरतो’ असे सांगितले, तर रोख सवलतच मागावी.

प्रश्न : म्हापशाला राहतो. कोल्हापुरातील शोरूम पणजीपेक्षा 20,000 रुपये जास्त सवलत देत आहे. घ्यावी का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण तुलना गोव्यातील ऑन-रोड रकमेशीच करावी. गाडी गोव्यात नोंदवायची असल्याने कर गोव्याच्याच दराने आणि गोव्यातच भरावा लागेल. कोल्हापूरचे शोरूम फक्त तात्पुरता क्रमांक देईल. तो खर्च, गाडी आणण्याचे पेट्रोल आणि म्हापशाच्या आरटीओतील एक-दोन खेपा धरल्या तर वीस हजारांतील बरेच संपतील. कोल्हापूरचे कोटेशन पणजीच्या व्यवस्थापकाला दाखवणे हा त्याचा अधिक चांगला उपयोग आहे.

प्रश्न : अहिल्यानगरच्या एका शोरूममध्ये दोन महिन्यांपूर्वी 21,000 रुपये भरून गाडी बुक केली. आता डिलिव्हरीच्या वेळी सांगतात, की कंपनीने किंमत 12,000 ने वाढवली आणि त्या वेळची 15,000 ची सवलतही संपली. हे योग्य आहे का?

उत्तर : आपल्या बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असे छापलेले असण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल तर कंपनीने वाढवलेल्या 12,000 रुपयांबद्दल फारसे बोलता येणार नाही. सवलतीचे मात्र वेगळे आहे. ती कोटेशनवर लिहून सही-शिक्क्यासह दिली असेल आणि विलंब त्यांच्याकडून झाला असेल, तर ती मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. प्रथम शोरूमच्या सरव्यवस्थापकांना आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला बुकिंगची तारीख, सांगितलेली डिलिव्हरीची तारीख आणि कोटेशनची प्रत जोडून ई-मेल करावा. शोरूममध्ये आठवडाभर हलत नसलेली गोष्ट कंपनीकडून विचारणा झाल्यावर दुसऱ्या दिवशी हलते, हा माझा अनुभव आहे. त्यानेही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा.

बुकिंग रद्द करून पैसे परत घ्यायचे असतील तर तेही लेखी मागावे. आपण 21,000 रुपये शोरूमच्या खात्यात भरले आहेत, की विक्री प्रतिनिधीच्या मोबाइलवर पाठवले आहेत, हे पत्रात आपण लिहिलेले नाही. दुसरे असेल, तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी शोरूमच्या नावाची पावती मागावी.